रत्नम्माच्या शेजारची जागा

उदगीरच्या ख्रिस्ती मंडळीत कुणाच्याही घरी मरण झालं की पहिला निरोप अण्णारावांकडे जायचा, पाळकांकडे नंतर. अण्णा एसटीत कंडक्टर आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडिलांपैकी एक. दोन्ही कामं त्यांनी आयुष्यभर एकाच तऱ्हेनं केली. उपासनेला कुणी उशिरा आलं तर बाकावरच्यांना हातानं ढकलत म्हणायचे, "सरका की जरा, बसू द्या माणसाला." लोक कुरकुरायचे आणि सरकायचे. आता अण्णांचंच मरण झालं होतं, आणि पहिला निरोप कुणाला द्यायचा हे कुणालाच सुचेना.

एकुलती एक लेक मंजुषा नांदेडला दवाखान्यात नर्स. ती सकाळीच येऊन अंगणात शवपेटीजवळ बसली होती आणि बापाच्या हातांकडे बघत होती. रत्नम्माला, तिच्या आईला, दमा. चुलीचा धूर तिला सोसायचा नाही. म्हणून ड्यूटीला जाण्याआधी भाकरी थापायच्या अण्णांनी आणि लेकीची वेणी घालायची तीही अण्णांनी. वेणी अशी करकचून की पोरीच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या. शेजारच्या बाया 'बायकोचा बैल' म्हणून हसायच्या. अण्णा म्हणायचे, "बैलाला आयती वैरण तरी मिळते. हितं ती पण मीच टाकतो."

रत्नम्मा सहा वर्षांपूर्वी गेली. जाताना तिनं लेकीकडून एकच शब्द घेतला होता. "तुझ्या बाबाला माझ्या बाजूलाच ठेव बाई. एकटीला मला झोप लागत न्हाई." ते खोटं नव्हतं. अण्णा निलंग्याच्या मुक्कामी गाडीवर गेले की ती बाई रात्रभर दिवा लावून बसायची. "ठेवते गं," मंजुषा म्हणाली होती. त्यात अवघड काही नव्हतंच. मागं राहणाऱ्याची जागा जोडीदाराच्या शेजारी राखायची, ही मंडळीची रीतच होती.

म्हणून कबर कुठं खणायची ते दाखवायला ती स्वतः कब्रस्तानाकडे निघाली. बरोबर पाळकसाहेब, कबरी खणणारा व्यंकट आणि रत्नम्माची जिवाभावाची मैत्रीण उमाबाई.

ईस्टरच्या पहाटे मंजुषा आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायला आली होती, तेव्हा शेजारी नुसतं गवत होतं. आता तिथं हातभर लांबीचा मातीचा उंचवटा होता. कडेनं पांढरे खडे, आणि दोन काड्या सुतळीनं बांधून केलेला क्रूस.

"हे काय हाय?" मंजुषानं विचारलं.

पाळक चपलेकडे बघत बोलू लागले. भर पावसाळ्यात बांधकामावरच्या एका जोडप्याचं तान्हं लेकरू गेलं. माणसं तेलंगणातली, आपल्याच ख्रिस्ती विश्वासातली, पण या मंडळीची नव्हेत. मंडळीची कमिटी म्हणाली, आपल्याच लोकांना जागा पुरेना, परक्यांना कुठून द्यायची? फार तर लांब भिंतीपाशी, जिथं कुणीच नाही. लेकराचा बाप गाठोडं छातीशी धरून फाटकात उभा होता. अण्णा त्याच कमिटीत. ते भांडले नाहीत. "माझी द्या," एवढंच म्हणाले.

"माझी द्या म्हणे!" उमाबाई उसळल्या. "त्यांच्या एकट्याची व्हती काय ती? रत्नम्माची न्हवती? जगाला सावली अन् घरच्याला ऊन!"

मंजुषाच्या मनात होतं तेच त्या बोलल्या होत्या. "काढा ते," मंजुषा म्हणाली. "लहानच हाय. दुसरीकडं ठेवा."

व्यंकट पाळकांकडे बघू लागला. पाळक म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणाल तर हलवू. कमिटी अडवणार न्हाई. त्याचे आईबाप कुठल्या कामावर गेले, कुणाला ठाव न्हाई."

म्हणजे विचारणारं कुणीच नव्हतं. सगळं तिच्या एका शब्दावर होतं.

"आईचं काय म्हणले बाबा? तिची आठवण तरी झाली का त्यांना?"

"मी तेच म्हणलो. अण्णा, रत्नम्माबाईंच्या बाजूची जागा हाय. तर म्हणले, 'म्हणून तर देतो. एवढंसं लेकरू तिकडं भिंतीपाशी एकटं कसं टाकू? तिथं मी राहतो. मी मुक्कामी गाडीवाला, मला कुठंबी झोप लागते. अन् रत्नम्माला सोबत व्हईल.'"

"मग मला का न्हाई सांगितलं?" मंजुषाचा आवाज फाटला. "दर रविवारी फोन करत होते. भाजी कशाची केली ते सांगत होते!"

"म्हणले, पोरगी आईला शब्द देऊन बसलीय. ऐकलं तर रडंल."

तिला बापाचा असा राग आला, की जिवंत असते तर ती महिनाभर बोलली नसती. आणि ते जिवंत नव्हते. ती त्या उंचवट्याशी खाली बसली. दवाखान्यात असली गाठोडी तिच्या हातांतून गेली होती. त्यांना वजन नसतं, तरी ती देताना हात गळून जातात. तिनं एक कलंडलेला खडा सरळ केला.

"व्यंकट," ती शेवटी म्हणाली, "भिंतीपाशी खण."

दुपारी अण्णांना तिथं ठेवलं. गाणी झाली, प्रार्थना झाली. अण्णांविषयी साक्ष द्यायला उठलेला जो तो म्हणाला, देवमाणूस होता. मंजुषाला त्या दिवशी तो शब्द सोसवेना. तिला देवमाणूस नको होता. तिला वेणी घालणारा बाप हवा होता, आईच्या शेजारी निजलेला.

लोक पांगले. उमाबाई फाटकाशी थांबल्या. मंजुषा आईच्या कबरीपाशी गेली आणि मातीवर हात ठेवून खाली वाकली.

"आई, बाबा आलेत. पण तिकडं हायत, भिंतीपाशी." पदर तोंडात धरून ती हुंदके आवरत राहिली. "त्यांच्यावर रागावू नको. तुझा शब्द त्यांनी न्हाई मोडला, मी मोडला. ते लेकरू मला काढता आलं असतं. मला काढवलं न्हाई गं."