सर, हलू नका

उजेड

काच पश्चिमेला, म्हणून ऊन. ऊन, म्हणून जाड पडदे. पडद्यांमुळे अंधार, अंधारासाठी दिवे, दिव्यांसाठी सेन्सर. मोशीतल्या आमच्या कॉलेजच्या या हरित इमारतीला सर्वोच्च मानांकन आहे.

सेन्सरचा डोळा पहिल्या रांगेवर. तिथं कुणी हललं तरच दिवे राहतात. समोर उभं राहून बोलणारा त्याच्या हिशेबात नाही. म्हणून वर्षालीच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेला तिच्या मित्राला, सरफराजला, पुढं गाइड आणि परीक्षकांच्याच रांगेत बसवलं होतं. काम एकच, अधूनमधून हात हलवायचा.

प्रबंध याच इमारतीवर. वीज वाचते, हे खरं. का वाचते, ते प्रकरण अर्जुनराव सरांनी काढायला लावलं होतं. सर तिचे गाइड, आणि इमारत त्यांच्याच डोक्यातून निघालेली.

"विचारलं तर म्हणायचं, डिझाइनमुळं. नाहीतर रिपोर्टवर माझी सही विसर."

सादरीकरण संपलं, प्रोजेक्टर बंद झाला. बाहेरून समोशांचा वास आला.

"आलोच, राव," म्हणत सरफराज सटकला.

अंधार

"अगं बाई!" बाहेरगावच्या परीक्षक विजयश्री मॅडम म्हणाल्या. "असू दे. वर्षाली, वीज वाचते कशानं?"

सर डोळे वटारत असणार. दिसत नव्हते.

"इथं कुणी बसतच नाही, मॅडम. भट्टी होते नुसती. वर्ग मागच्या जुन्या शेडमध्ये भरतात. तिथं चिंचेची सावली आहे."

उजेड

सर उभे. बोट वर.

"मॅडम, हे धादांत—"

वर्षालीचं तोंड मिटलं.

"अर्जुनराव, बसा. हात मांडीवर. मीही ठेवते."

अंधार

"हां. बोल आता."

वर्षाली बोलली. शेडचं मीटर वेगळं, तिथले पंखे दिवसभर चालू, ती वीज इमारतीच्या नावावर चढतच नाही. काढलेलं प्रकरण तिला तोंडपाठ होतं.

मध्येच दिवे भक्कन लागले.

"सर, हलू नका म्हटलं ना!" मॅडम म्हणाल्या.

"डास चावला हो."

उजेड

तिचं बोलणं संपलं तसं मॅडमनी पान ओढून शेरा लिहिला: काढलेलं प्रकरण परत घालावं, पदवी द्यावी. सही ठोकली. रिपोर्ट सरांपुढं सरकवला, वर पेन ठेवलं. सरफराज समोशांचं ताट धरून दारातच थबकला.

"झाली का डॉक्टर?"

 सर पेनाकडं बघत बसले. दगड. मॅडमही तशाच.

अंधार

"आता हला, सर," मॅडमचा आवाज आला. "समोसे गार होतायत."

उजेड

सर सही करत होते.