तुंगार्लीच्या टेबलाला फुकटचं श्रेय

मी सागवानी टेबल बोलतोय. तुंगार्लीच्या एका बंगल्यात केशव आणि इंदिरा या प्राध्यापक जोडप्याने मला लेकाच्या, सुश्रुतच्या, अभ्यासासाठी बनवून घेतलं. सुश्रुतने माझा उपयोग मुख्यतः तंगड्या टाकायला केला.

पण बोलण्यात पोरगा पटाईत. जेवताना बापाशी वाद घालायचा आणि बाप खुशीत येऊन त्याला आणखी श्रीखंड वाढायचा. गुण कमी पडले की इंदिराबाई शाळेत जाऊन शिक्षकांचाच तास घेऊन यायच्या.

त्याला नवं टेबल आलं, तेव्हा त्यांची बाग बघणाऱ्या दत्तोबाने मला टेम्पोत घालून भुशीकडच्या आपल्या घरी नेलं. त्याची मुलगी सृष्टी सुश्रुतच्याच वर्गात. तिथे माझ्यावर आधी टीव्ही बसला, मग लोणच्याची बरणी, आणि उरलेल्या कोपऱ्यात सृष्टीची पुस्तकं. ती मान मोडून अभ्यास करायची. पण घरची शिकवण अशी, की मोठ्यांपुढे तोंड उघडायचं नाही. वर्गात काही अडलं तरी ती गप्प, आणि बाईंना वाटायचं, पोरीला कळलं.

दहावीत तिला सुश्रुतपेक्षा जास्त गुण पडले. तरी कॉलेजातले सर म्हणाले, सायन्स झेपायचं नाही, आर्ट्स घे. सुश्रुतलाही त्यांनी तेच सांगितलं होतं. इंदिराबाई जाऊन आल्या आणि त्याला ते झेपायला लागलं.

सृष्टी माझ्यावर डोकं टेकून रडली. दत्तोबा म्हणाला, "सर म्हनत्यात म्हंजी बरूबरच आसंल."

तिची आई सारिका भाकरी थापत होती. पिठाच्या हातांनीच ती बाहेर आली. "सरांचं ऐकलं. आता पोरीला इचारा, तिला काय पायजे."

सृष्टीने डोळे पुसले आणि म्हणाली, "मला सायन्सच पायजे, पप्पा."

दुसऱ्या दिवशी तिघं कॉलेजात गेली. मला चार पाय असून जाता आलं नाही. पण सृष्टीने आजीला, सरुबाईंना, सगळं सांगितलं ते मी ऐकलं. दत्तोबा नुसता हात जोडून उभा राहिला. शेवटी सृष्टीनेच विचारलं, "सर, माझ्यापेक्षा कमी गुणवाल्याला मिळालं, मग मला का नाही?"

सरांनी चष्मा पुसला, तिचं नाव लिहून घेतलं आणि वर म्हणाले, "मग आधी बोलायचं ना."

पहिल्या चाचणीत ती फिजिक्समध्ये आपटली. पण आता ती तास संपल्यावर सरांना गाठून शंका विचारते. पुढच्या परीक्षेत पास झाली.

इंदिराबाई मैत्रिणींना सांगतात, आमच्या टेबलामुळे मुलगी शिकतेय. मी नुसतं लाकूड, त्यातही एक पाय डुगडुगतोय.

परवा सृष्टीने घरात विचारलं, रोजची भांडी आई आणि मीच का घासायची? बंगल्यातलं हे टेबलच पोरीला वाद शिकवतंय की काय, अशा संशयाने दत्तोबाने माझ्याकडे पाहिलं, बराच विचार केला आणि ताटं उचलून मोरीकडे गेला.

वाचकहो, टेबल नसलं तरी चालेल. पोरांचं तेवढं ऐकून घेत जा.