सर्वानुमते मंजूर

नवसी ग्रामसभेची अध्यक्ष झाली ती दुसरं कोणी तयार होईना म्हणून. वावळपाडा बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या उतारावर. पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभा मिळाल्याचा कागद आला तेव्हा ग्रामसेवकाने अध्यक्ष कोण होणार असं विचारलं. सगळे बापे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. अध्यक्षाला शिकवणीसाठी पालघरला जावं लागणार होतं, आणि कामाचा दिवस बुडवायची कोणाची तयारी नव्हती. शेवटी मंगळ्याने आपल्या बायकोचं नाव पुढे केलं. ती सातवीपर्यंत शिकलेली होती आणि मंगळ्याच्या मते तिला बोलायची खाज होतीच.

पालघरच्या त्या शिकवणीत शैलाबाई शिकवायच्या. शिरगावच्या, नारळाच्या वाडीवाल्या घरातल्या, पंचायतीच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. बाई चांगल्या होत्या, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे वाचताना कोणाला तरी त्यांच्यावर राग काढावासा वाटेल, आणि तो फुकट जाईल. त्यांनी मन लावून शिकवलं. एका वेळी एकानेच बोलायचं. ठराव मांडतो तो सूचक, त्याला पाठिंबा देतो तो अनुमोदक. सभेला पुरेशी माणसं नसतील तर सभाच नाही. चर्चा संपली की अध्यक्षाने विचारायचं, कोणाचा विरोध आहे का? थोडं थांबायचं, सगळीकडे नजर फिरवायची. कोणी काही बोललं नाही, तर ठराव सर्वानुमते मंजूर झाल्याचं जाहीर करायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अध्यक्षाने स्वतःचं मत सांगायचं नाही. खुर्चीवर बसलेल्या बाईला सगळे सारखे. तिचं घर, तिचं शेत, तिचं माणूस, सगळं खुर्चीखाली ठेवायचं.

नवसीला हे शिक्षण मनापासून आवडलं, आणि का आवडणार नाही? पाड्यात आजवर बापे मधे बसून बोलत आणि बायका दारात उभ्या राहून ऐकत. आता नियमच म्हणत होता की ज्याची पाळी त्याने बोलायचं, मग ती बाई का असेना. घरी आल्यावर ती जावेला, ठकीला, झऱ्यावर धडे द्यायला लागली. उन्हाळ्यात तो झरा वाटीभर पाणी देतो आणि मग विचार करत बसतो, त्यामुळे बायकांना रांगेत वेळच वेळ. नवसी विचारी, रखमाआजीचा हंडा आधी भरावा असा ठराव कोण मांडतं? ठकी हात वर करी. अनुमोदक कोण? दुसरी कोणीतरी हसत हसत उभी राही. रखमाआजी बोळक्या तोंडाने म्हणे की पोरींनो, तुमचा ठराव होईपर्यंत मी मरेन. मंगळ्या घरात तिला अध्यक्षीणबाई म्हणून चिडवायचा आणि भाकरी मागताना हात वर करायचा. तो हसला की नवसीला बरं वाटे. सुका गेल्यापासून तो फारसा हसत नव्हता.

सुका त्यांचा मुलगा. धीरज थोरला, तो तारापूरच्या कारखान्यात कामाला लागला होता. सुका धाकटा. शाळेत जायच्या वयाचाही झाला नव्हता. तापाने गेला, रस्त्यात जीपमध्येच, नवसीच्या मांडीवर. लहान पोरं पाड्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरायची जागा म्हणजे रस्त्यालगतचं टेकाड. वर एक दगड ठेवायचा. दगडावर नाव नाही, खूण नाही. कुठला दगड कोणाचा हे आईला जागेवरून माहीत असतं. मोहाच्या झाडापासून उताराकडे चालायला लागलं की सुकाचा दगड. नवसी लाकडं आणायला जाताना तिथून वाट काढायची आणि कोणी बरोबर नसलं की त्याच्याशी बोलायची. आज भात शिजला नाही नीट, असं काहीतरी. त्यात वेडेपणा काहीच नाही. ज्यांची पोरं शाळेतून घरी येतात, त्याही आया हेच बोलतात.

आता पाड्याची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वावळपाड्यात तोंडावर नाही म्हणत नाहीत. कोणी काही मागितलं, काही सुचवलं आणि ते पटलं, तर एकेक जण मोठ्याने बोलतो, बरा हाय, बरा हाय. पटलं नाही तर सगळे गप्प बसतात. कोणी जमिनीवर काडीने रेघोट्या मारतो, कोणी तंबाखू मळतो. विचारणारा समजून घेतो आणि आपला विषय मागे घेतो. त्याचं तोंड पडत नाही आणि कोणाचं वैर होत नाही. नवऱ्यामुलाकडचे येऊन असंच गप्प ऐकून परत गेलेले नवसीने लहानपणापासून पाहिले होते.

फेब्रुवारीत पाण्याच्या टाकीचा विषय आला. नळाचं पाणी घरोघर द्यायची योजना होती. टाकीला उंच जागा पाहिजे होती. साहेब येऊन टेकाड बघून गेले. रस्त्याला लागून, उंच, झाडं कमी, असं त्यांना फार पसंत पडलं. शाळेमागची चढणही चालली असती, फक्त पाइप जास्त लागला असता. साहेबांनी पाड्यातल्या चारचौघांना विचारलं की इथे काही अडचण नाही ना? चौघं गप्प राहिले. साहेब वहीत काहीतरी लिहून गाडीत बसले.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. वीटभट्टीवर गेलेली सोडून बाकी सगळी माणसं आली होती. खुर्ची एकच, तिच्यावर नवसी, बाजूला बाकावर ग्रामसेवक. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत. त्याने टाकीची सगळी माहिती दिली. सूचक म्हणून आणि अनुमोदक म्हणून त्याने आधीच दोन जणांची नावं धरली होती, आणि ते दोघं मान खाली घालून बसले होते. नवसीने ठराव वाचला. टेकाड हा शब्द आला तेव्हा तिचा आवाज बारीक झाला, पण तिने वाचून संपवला. मग चर्चेला कोणाला बोलायचं आहे का, असं विचारलं. कोणी बोललं नाही. मग तिने शिकवल्याप्रमाणे विचारलं, कोणाचा विरोध आहे का?

व्हरांड्यात माणसं गप्प झाली. मंगळ्या खांबाला टेकून बसला होता, त्याने पायाचा अंगठा चोळायला घेतला. रखमाआजी पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती. नवसीला क्षणभर इतकं हलकं वाटलं की तिला रडू येईल असं झालं. पाडा नाही म्हणत होता. तिला ते लख्ख कळलं होतं.

पण मग दुसरा विचार आला, आणि मी तिच्या जागी असते तर मलाही तोच आला असता. हे गप्प आहेत ते नको म्हणून, की माझ्यासमोर हो म्हणायला जीभ उचलत नाही म्हणून? झऱ्यावर कमरेचा काटा ढिला करणाऱ्या बायका समोर बसल्या होत्या. त्यांना नळ नको असेल? आणि मी हे गप्प राहणं माझ्या बाजूने वळवलं, तर उद्या कोण काय म्हणेल? खुर्चीवर बसवली तर आपल्या पोरासाठी पाड्याचं पाणी अडवलं. बाई म्हणाल्या होत्या, तुझं माणूस खुर्चीखाली ठेव. नवसीने सगळीकडे नजर फिरवली. थोडं थांबली. भाऊसाहेबाने घड्याळाकडे पाहिलं.

"ठराव सर्वानुमते मंजूर," ती म्हणाली.

कोणी मान वर केली नाही. सभा संपल्यावर माणसं नेहमीसारखी घोळक्याने उभी राहिली नाहीत, सरळ घरी गेली. ठकी जाताना नवसीच्या खांद्यावर हात ठेवून गेली. नवसीला वाटलं, ती धीर देते आहे. ठकीला वाटलं होतं, केवढं काळीज हिचं, पाड्याच्या पाण्यासाठी पोराची जागा दिली.

घरी मंगळ्या जेवला नाही. नवसीने ताट पुढे सरकवलं, त्याने परत सरकवलं. तिने विचारलं तेव्हा तो चुलीकडे बघत बोलला.

"तुला कसा जमला गं?"

"मी विचारला ना सगल्यांना. कोन बोलला नाय."

"मी गप होतो," मंगळ्या म्हणाला. "सगला पाडा गप होता. आमी 'नाय'च म्हनत होतो, नवसे. तू याच पाड्यातली ना? मला वाटला, तुलाच देयाची हाय जागा. आय देते म्हनते तं मी कोन आडवा येनार?"

तिने ताट उचलून झाकून ठेवलं आणि तिथेच भिंतीला धरून खाली बसली. एका पाड्यातली माणसं, एका घरातली, एका पोराचे आईबाप, आणि दोघांनी एकमेकांसाठी गप्प राहून त्याला घालवलं. हे ज्याचं त्याला सहन करावं लागतं, दुसऱ्याने समजूत घालायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी ती शिरगावला गेली. शैलाबाई वाडीत झावळ्या गोळा करत होत्या. त्यांनी तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. सभेला माणसं पुरेशी होती का? होती. विरोध विचारलास? विचारला. कोणी बोललं? नाही. बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या की ठराव नियमाने झाला आहे, त्यात काही खोट नाही, तू सभा फार चांगली चालवलीस. ते कौतुक नवसीने थोबाडीत खाल्ल्यासारखं खाली बघून ऐकलं. मग बाईंनी उपाय सांगितला. विशेष सभा बोलाव, आधी नोटीस लाव, कोणीतरी ठराव रद्द करायची सूचना मांडू दे. तू नाही मांडायची, तू अध्यक्ष. बाईंनी तिला नोटीस कशी लिहायची तेही लिहून दिलं आणि उमरोळी स्टेशनपर्यंत रिक्षात बसवून दिलं.

नवसीने नोटीस शाळेच्या दारावर लावली. स्वतः घराघरात जाऊन सांगितलं, या वेळी गप्प राहू नका, तोंडाने बोला. माणसं ऐकत होती आणि मान हलवत होती. पण मार्च चालू झाला होता, आणि मार्चमध्ये ठेकेदाराला जी घाई असते ती कुठल्या नोटिशीला थांबत नाही. त्याच्या हातात मंजूर ठराव होता.

सभेच्या आदल्या दिवशी जेसीबी आला. बायका पळत वर पोचल्या तोवर टेकाडाचा माथा सपाट झाला होता. चालवणारा परप्रांतातला, भला माणूस. त्याला दगड बघून काहीतरी वाटलं असावं, कारण त्याने ते चिरडले नव्हते. सगळे उचलून एका कडेला नीट रचून ठेवले होते. हात जोडून तो म्हणाला, "माताजी, हमको किसी ने बताया नहीं."

सगळ्या आया त्या ढिगाभोवती उभ्या राहिल्या. दगड सारखेच होते, डोंगरातले, काळे. मोहाचं झाड पडलं होतं, उताराचा पत्ता नव्हता, मग चालायचं कुठून? रखमाआजीची दोन पोरं तिथे होती, पन्नास वर्षांपूर्वीची. तिने एका दगडावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर ठेवला, आणि मग दोन्ही हात मागे घेतले. नवसीने तर हातच लावला नाही. चुकून दुसरीचं पोर उचललं जाईल, असं तिला वाटलं.

तरीही दुसऱ्या दिवशी सभा भरली. वीटभट्टीवरची माणसंसुद्धा आली होती. व्हरांडा पुरला नाही, माणसं अंगणात बसली. भाऊसाहेबाने नवसीला हळू आवाजात सांगितलं की काम सुरू झालंय, आता हा विषय घेण्यात अर्थ नाही. नवसी म्हणाली की नोटीस लावली आहे, विषय घेतला पाहिजे. मंगळ्या उभा राहिला. हा माणूस जन्मात कधी सभेत बोलला नव्हता. त्याने सूचना मांडली, अडखळत, पण शिकवल्यासारखी पूर्ण. ठकीने अनुमोदन दिलं. मग नवसीने विचारलं, टेकाडावर टाकीला कोणाचा विरोध आहे?

"माझा हाय. टेकाडावर नाय," मंगळ्या म्हणाला.

"माझा पन," ठकी म्हणाली.

मग एकेक जण उठला. म्हातारे उठले, सुना उठल्या, आधी सूचक आणि अनुमोदक झालेले ते दोघंही उठले. प्रत्येकाने मोठ्याने नाय म्हटलं आणि खाली बसला. पाड्यात असं कधी झालं नव्हतं. रखमाआजीला दोघींनी धरून उभं केलं आणि तिने शाळेकडे बघत, जणू कोणी ऐकायला बसलंय अशी, नाय म्हटलं. भाऊसाहेबाने लिहायचं थांबवलं होतं.

सगळे झाले. आता निकाल जाहीर करायचा होता आणि माणसं नवसीकडे बघत होती. ती खुर्चीवरून उठली, खाली आली आणि रखमाआजीच्या शेजारी जमिनीवर बसली.

"माझा पोरगा हाय तिथं," ती म्हणाली. "माझा बी विरोध हाय."

एवढं बोलून ती रडायला लागली. मंगळ्या माणसांतून वाट काढत तिच्याकडे आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. वर टेकाडावर काँक्रीटचा मिक्सर सकाळपासून चालू होता, तो तसाच चालत राहिला.