काट्यावरची नाव

"सेल्मर, ऑगस्टात दोन लोकरी स्वेटर घातले तर किती पौंड भरतील?" अर्विडने हळूच विचारलं.

मी वजनकाट्याला तेल देत होतो. "भिजले तर सात-आठ. का रे, लग्नाला निघालायस?"

तो हसला नाही. अर्विड हाउगन, माझ्या धाकट्या बहिणीचा, लोर्नाचा नवरा, आजाराने सतरा पौंडांनी उतरला होता. सिॲटलच्या डॉक्टरांनी या हिवाळ्यापलीकडचं काही बोलायचं टाळलं होतं. हे त्याने लोर्नाला सांगितलं नव्हतं. मलाही तिथेच, काट्याच्या क्रेनखाली, पहिल्यांदा कळलं.

आमच्या तळ्यावर एकशे छत्तीस घनइंची इंजिनांच्या या चिमुकल्या नावा पाण्यावर टेकतात न टेकतात अशा पळतात. शर्यत संपली की पहिल्या आलेल्याला नावेसकट काट्याला टांगायचं. दोघांचं मिळून नऊशे पन्नास पौंड भरलं पाहिजे, एक पौंड कमी भरला तरी बाद. अर्विडची नाव अगदी काटेकोर बांधलेली. त्याने स्वतःचं वजन धरूनच ती तासली होती, आणि तेच आता अंगाशी आलं होतं.

"मग वजनाला शिसं घाल ना! नियमात बसतं."

"नाव लोर्ना सांभाळते. शिसं कशाला, म्हणून विचारील."

"विचारू दे की! बायको आहे तुझी."

"ही मोसमातली शेवटची शर्यत. करंडक घरी नेतो, मग सांगतो."

तेवढ्यात लोर्ना आली, हातात पेचकस. तिने बसवलेल्या स्क्रूंच्या खाचा नेहमी एका रेषेत असतात, लहानपणापासूनची खोड. "दादा, याला कामाला लावू नकोस," ती मला म्हणाली. "आणि तू पाणी पी रे जरा. तोंड बघ कसं सुकलंय."

तो मुकाट्याने तांब्याभर पाणी प्यायला. तेवढेच दीड-दोन पौंड, मी मनात म्हटलं.

शर्यत सुरू करणाऱ्या घड्याळाचा मोठा काटा बारावर येताना सात नावा एकदम रेषेवर आल्या. अर्विड चौथा होता. दुसऱ्या वळणावर तो आतल्या बाजूने घुसला, नाव एका कुशीवर उभी राहिली आणि लोर्नाने माझं मनगट आवळलं. शेवटच्या फेरीत तो पुढे होता, जेमतेम अर्ध्या नावेने, आणि तसाच आला. लोक ओरडत होते. मला मात्र पुढचं दिसत होतं.

नावेतलं पाणी उपसलं. क्रेनचे पट्टे अडकवले. अर्विड आत, स्वेटरांतून पाणी निथळत, समोर बघत बसलेला. तीस वर्षं मी धान्याच्या कोठारात वजनं केली, एका दाण्याचंही खोटं बोललो नाही. त्या दिवशी म्हटलं, आज बोलेन. बहिणीसाठी बोलेन.

क्रेनने नाव उचलली. काटा हलला, पुढे गेला, मागे आला, थांबला.

"किती रे?" मागून कुणी तरी ओरडलं. "झोपलास का, सेल्मर?"

मी दोनदा वाचलं. "नऊशे अठ्ठावन्न!"

टाळ्या पडल्या. अर्विड माझ्याकडे रागाने बघू लागला. त्याला वाटलं, मी खोटं बोललो. मी नकारार्थी मान हलवली. मग त्याने बैठकीखाली हात घातला आणि हात तिथेच राहिला. टांगलेल्या नावेच्या तळाशी मला बैठकीखालच्या शिशाचे चार नवे स्क्रू दिसले. चारही खाचा एका रेषेत.

लोर्ना टॉवेल घेऊन पुढे आली.

"काढ आता ते स्वेटर," ती म्हणाली. "उकडत असेल."

त्याने एक काढला, मग दुसरा. सगळ्या घाटाने त्याच्या बरगड्या पाहिल्या. लोर्नाने टॉवेल त्याच्या खांद्यांवर टाकला, स्वेटर घेतले, आणि तिथेच उभी राहून एकेक बाही पिळू लागली.