मासा म्हंजे मासा!

वरूडच्या संत्र्यांच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मीनबाबांनी ओल्या भगव्या फडक्यात गुंडाळलेला मासा अख्खी आरती संपेपर्यंत ताटात पडून होता. फडकं सुटलं आणि माशाने फाडकन शेपटी आपटली.

"पाण्याबिना मासा जगते, मंग पंपाबिना माणूस काहून नाही जगणार? टाका ते पंप ताटात!"

दम्याचे पंप ताटात पडू लागले. गोदाबाईंच्या मुठीतही सुनेचा, सीमाचा पंप होता. शेजारी सीमा कशीबशी श्वास ओढत होती. तिची बहीण प्रणाली अमरावतीहून आली होती. राजापेठेत शिकवण्या घेणारी, प्राणिशास्त्र शिकलेली. हातात झाकलेली बादली.

"महाराज, हा मासा कोणता?"

"मासा म्हंजे मासा, बाई! देवाच्या दरबारात जात नाही पाहत!"

टाळ्या पडल्या. शेडमधल्या कुणाच्याच घरी मासा शिजत नव्हता, तेव्हा माशामाशातला फरक कळणार कुणाला? बाबांनी गाव पारखूनच निवडलं होतं.

"मग माझ्याही माशावर कृपा करा," म्हणत प्रणालीने बादलीतला रोहू काढला.

"आज त्याची तिथी नाही."

"आत्ता तर होती न, महाराज!" मागच्या गर्दीतून गावातले नत्थुजी ओरडले. "होऊन जाऊ द्या!"

रोहू फडक्यावर ठेवला. बाबा मंत्र पुटपुटले. रोहूच्या तोंडाची उघडझाप सुरू झाली, कल्ल्यांवरची झाकणं फडफडली.

"बाप्पा!" गोदाबाई कळवळल्या. "रात्री सीमा अशीच करते वं! सोड त्याले पाण्यात!"

प्रणालीने रोहू बादलीत सोडला. तिथे हवा सोडणारा छोटा पंप बुडबुडत होता.

"तुमच्या माशात श्रद्धाच नाही," बाबा म्हणाले.

"श्रद्धा नव्हे, कप्पा नाही," प्रणाली म्हणाली. "दोन्ही हाडांचा सांगाडा असलेलेच मासे, पण कुळं वेगळी. महाराजांचा आहे मरळ. त्याच्या कल्ल्यांच्या वर हवेचा कप्पा असतो. तो तोंडाने हवा घेतो. अंग ओलं राहिलं की बाहेरही तासन्‌तास तग धरतो. उलट पाण्याखाली दाबून ठेवला तर बुडून मरेल! रोहूचे कल्ले मात्र हवेत एकमेकांना चिकटतात, त्याचा जीव घुसमटतो. आणि माझ्या बहिणीकडे यातलं काहीच नाही. तिच्याकडे फुप्फुसं आहेत आणि डॉक्टरांनी दिलेला पंप."

गोदाबाई बादलीतल्या बुडबुड्यांकडे पाहत राहिल्या. "माशाले पंप चालते," त्या पुटपुटल्या, "अन् मी पोरीचा काढून राहिली होती." त्यांनी मूठ उघडली. सीमाने पंप ओढला.

बाकीचे ताटात आपापला पंप शोधू लागले. बाबा मरळ तिथेच टाकून मागच्या दाराने सटकले.

चमत्कारापुढे हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हा मासा कोणता?