कुमेदा मास्तरांचं तोंड

कुमेदा मास्तर विमानात बसले की तळ्यापलीकडच्या कोळ्यांनासुद्धा कळायचं. आवाजच तसा! जपानी आरमाराच्या त्या विमानतळावरची मंडळी म्हणायची, इंजिन बंद पडलं तरी कुमेदाच्या तोंडावर विमान कासुमिगाउरा तळ्याला एक फेरी मारून येईल.

शिकाऊ पोरगा पुढच्या आसनावर, मास्तर मागच्या, आणि मध्ये बोलायची नळी. त्या नळीतून मास्तरांची सरबत्ती चालायची. "नाक खाली! खाली म्हणतो ना! झोपलास काय? आता दांडा ओढ, ओढ, ओढ रे शहाण्या!" ही सवय जुनी होती. हे दोन मजली पंखांचं विमान पहिल्यांदा बनवलं तेव्हा हवेत असं डुचमळायचं की मागच्याला क्षणभर गप्प बसायची सोय नव्हती. मास्तरांनी ते दिवस काढले होते. पुढे कारागिरांनी त्याचे पंख आणि शेपूट नव्यानं बेतलं, आणि विमान गायीसारखं गरीब झालं. नारिंगी रंगामुळं आणि चतुर किड्यासारख्या पंखांमुळं सगळे त्याला लाडानं लाल चतुर म्हणायला लागले. विमान सुधारलं, मास्तरांचं तोंड तेवढं तसंच राहिलं.

त्यांच्या हाताखालची सगळी पोरं एकेकटी उडून आली होती. राहिला होता तो उरानो. शिनानोच्या डोंगरातला, रेशमाचे किडे पाळणाऱ्या घरातला, अबोल, सांगितलेला शब्द न शब्द पाळणारा पोरगा. आकाशात छान चालवायचा, पण उतरताना दरवेळी धाडकन आपटायचा आणि बेडकासारखा उड्या मारत जायचा. शेवटी मोठे साहेब म्हणाले, "उद्या एकटा नीट उतरला तर ठीक. नाहीतर परत जहाजावर, कोळसा ओढायला."

मास्तरांना रात्रभर झोप लागली नाही. पोरावर त्यांचा जीव होता, आणि तेवढं एक सोडून बाकी सगळं ते बोलत असत.

सकाळी वजन सारखं राहावं म्हणून मागच्या आसनावर वाळूचं पोतं बांधलं. पोरगा एकटा आहे हे लांबून कळावं म्हणून पंखाच्या खांबाला तांबडी फीत लावली. शेजारच्या तुकडीचे ओबाता मास्तर पोत्यावर थाप मारून म्हणाले, "कुमेदा, तुझ्यापेक्षा हे बरं रे. शिव्या देत नाही."

"तू तुझं बघ!" मास्तर खेकसले. मग उरानोकडे वळून म्हणाले, "आणि तू रे, जेवलास का?"

"हो, मास्तर."

"मग जा."

लाल चतुर उडालं. वळणं झकास घेतली. इंजिन मंदावून उतरायला लागलं तसे मास्तर मैदानावरूनच ओरडले, "ओढ! आता ओढ!"

"अरे, मासे पळतील तळ्यातले!" ओबाता म्हणाले. "त्याला ऐकू जातंय का इथलं?"

पोरानं ओढलं नाही. विमान खाली येतच राहिलं. मेलं आता, संपलं, मास्तरांनी डोक्यावरची टोपी मुठीत चुरगाळली. आणि मग, बऱ्याच उशिरा, नाक जरासं वर आलं आणि चाकं नि शेपूट एकदम गवताला टेकली. उडी नाही, आदळणं नाही.

तळावरची पोरं नाचायला लागली. मास्तर मात्र धावत विमानापाशी गेले. "इतका उशीर? कुणी सांगितलं तुला थांबायला?"

"तारांनी, मास्तर."

"कसल्या तारा?"

"पंखांमधल्या. इंजिन कमी केलं की शीळ घालतात. वेग उतरला की त्यांचा सूर उतरत जातो. पार खाली बसला, तेव्हा ओढलं." उरानो घुटमळला. "आजवर त्या कधी ऐकूच आल्या नव्हत्या."

आता पोराच्या कानाखाली वाजणार म्हणून सगळे श्वास रोखून उभे राहिले. मास्तरांनी हात वर करून पंखांमधल्या एका तारेला बोट लावलं. जुन्या विमानाला लवकर ओढावं लागायचं. या गरीब विमानालाही ते तेवढ्याच लवकर ओढायला लावत होते, रोज, कानात ओरडून, आणि ते टेकायच्या आतच पुन्हा वर उचललं जाऊन आपटत होतं!

"अरे देवा," ते म्हणाले, "आपटत तू नव्हतास रे, मी आपटत होतो! माझ्यापायी कोळसा ओढत बसला असतास!" आणि ते असे हसायला लागले की डोळ्यांतून पाणी आलं. उतरणं बघायला आलेले मोठे साहेबही हसले, आणि उरानो राहिला हे तेवढ्यावरच ठरलं.

"जा, आणखी एक फेरी मार," मास्तर म्हणाले.

विमान पुन्हा वर गेलं तेव्हा ते मैदानाच्या कडेला गवतात बसले. ओबातांनी काहीतरी थट्टा सुरू केली.

"शू! गप बस जरा. ऐकू दे."

लाल चतुर डोक्यावरून उतरत आलं. इंजिनाची घरघर मंदावली आणि खरंच, बारीक शीळ ऐकू आली. ती उतरत गेली, आणखी उतरली, बसली.

"आता," कुमेदा मास्तर म्हणाले, इतकं हळू की शेजारच्या ओबातांनाही नीट ऐकू आलं नाही, आणि चाकं गवताला टेकली.