नवशीची दुसरी कोंबडी

चंद्रा मास्तरला एखादी गोष्ट आवडली की ती दुसऱ्याच्या गळी उतरवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. अठ्ठावन्न साली दिवाळीनंतर त्याला चेचेन लोक आवडले. कुठल्याशा जुन्या पुस्तकात त्याने वाचलं होतं की कॉकेशसच्या डोंगरात हे लोक राहत, आणि रशियाच्या बादशहाच्या, म्हणजे झाराच्या, फौजा वर्षानुवर्षं त्यांच्यावर चालून जात. जंगलात शिरलं की फौजेला मार पडे. मग फौजेने जंगलच तोडायला काढलं. मक्याच्या गंजी जाळल्या, गावं जाळली, आणि जे गाव शरण येईल त्यातली पोरं ओलीस म्हणून नेली.

"याचं नाटक करायचं आणि तलासरीच्या पाड्यांवर न्यायचं," चंद्रा म्हणाला. "तिथल्या माणसाला जंगल तुटणं आणि साहेब येणं, दोन्ही समजावून सांगावं लागत नाही."

आमचं कलापथक पाच जणांचं. चंद्रा आणि मी डहाणूच्या किनाऱ्यावरचे, मच्छीमारांच्या घरातले. तो शाळेत शिकवायचा, मी बापाच्या होडीवर जायचो आणि उरलेल्या वेळात ढोलकी वाजवायचो. लाहू, काळ्या आणि धाकल्या हे तिघे तलासरीकडचे वारली. नाटकात लाहू झाला गावचा म्हातारा, धाकल्या त्याचा मुलगा. राहिला तो झाराचा कर्नल. तो व्हायला कोणी तयार होईना.

कारण बोहाडा. त्यांच्याकडे बोहाड्यात मुखवटा घालून देवांची आणि राक्षसांची सोंगं नाचवतात. ज्याच्या तोंडावर मुखवटा चढला त्याला तेवढ्या वेळापुरती नावाने हाक मारायची नाही, तो काळ्या नाही की लाहू नाही. लोक त्याच्या पुढ्यात तांदूळ ठेवतात, नारळ ठेवतात, गाऱ्हाणं घालतात. सोंगाला दिलेलं परत मागायचं नसतं. रावण व्हायलासुद्धा लाहूची ना नव्हती, कारण रावण कधी कोणाच्या झोपडीत शिरून कोंबडी घेऊन गेलेला नव्हता. साहेब गेलेला होता.

"द्या मना," शेवटी काळ्या म्हणाला. "याला मुखवटा कुठं हाय? नुसता कोटच हाय ना!"

काळ्या आमच्यातला सगळ्यात गरीब स्वभावाचा. आई लहानपणीच गेली, म्हणून वेवजीच्या नवशी मावशीने त्याला वाढवलेला. चारचौघांत बोलायची वेळ आली की तो जमीन उकरत बसायचा. आम्ही त्याला जुना खाकी कोट घातला, काथ्याची दाढी चिकटवली आणि चारोटीच्या एका लॉरीवाल्याचे बूट दिले. बूट त्याने जन्मात घातले नव्हते. पहिल्या तालमीला तो ओल्या खडकावर चालावं तसा चालला आणि आम्ही पोट धरून हसलो.

दुसऱ्या तालमीला हसू आलं नाही. त्याने लाहूकडे पाहिलंच नाही, लाहूच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. काठीच्या टोकाने लाहूची हनुवटी वर केली आणि हळू आवाजात विचारलं, "गाव जाळू, का पोरगा देतोस?" चंद्राने त्याला ओरडायला सांगितलं होतं. तो ओरडला नाही, आणि तेच जास्त भयंकर होतं.

"हे कुणी शिकवलं तुला?" मी विचारलं.

"जंगलचा शिपाई आमच्या बापाशी असाच बोलायचा," तो म्हणाला आणि पुन्हा जमीन उकरू लागला.

पहिला प्रयोग वेवजीला, काळ्याच्याच पाड्यावर. भातं झोडून झाली होती. खळ्यावर दोन बांबू रोवून चादर बांधली. दिवेलागणीला माणसं जमली, बायका पुढे, पुरुष मागे. चंद्राने आधी भाषण ठोकलं. भाषण झाल्यावर मागून एकाने विचारलं, "हे चेचेन ऱ्हातात कुठं? डांगाच्या पल्याड का?" चंद्रा म्हणाला, "हो, बरंच पल्याड." त्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

जंगलतोड झाली. मी ढोलकीवर कुऱ्हाडीचे घाव वाजवले. मग कर्नल आला. बुटांचा आवाज ऐकून पुढच्या बायका आपोआप मागे सरकल्या. मला मोठी गंमत वाटली. लाहू गुडघ्यावर बसला होता, त्याच्यामागे धाकल्या. कर्नलने काठीने हनुवटी वर केली.

"गाव जाळू, का पोरगा देतोस?"

इथे लाहूने म्हणायचं होतं, "दोन्ही देणार नाही." त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात बायकांमधून नवशी मावशी उठली. खळ्याला लागूनच तिची झोपडी. आत गेली आणि काखेत एक तांबडी कोंबडी घेऊन आली. मग ती थेट काळ्यासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, ही घे. पोरग्याला सोड."

खळ्यावर हशा पिकला. मीही हसलो. तिच्या ओठांच्या कोपऱ्यातही काहीतरी हललेलं मी पाहिलं. काळ्याने आता हसून म्हणायचं होतं, "मावशे, बस खाली," आणि नाटक पुढे न्यायचं होतं. त्याने तसं केलं नाही. त्याने कोंबडीच्या छातीला दोन बोटं लावून मांस चाचपलं.

"एकच?" तो म्हणाला.

हशा आणखी वाढला. मी तर ढोलकीवर थाप मारली! मावशी मात्र हसेना. तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग तांबडी त्याच्या हातात देऊन झोपडीत गेली आणि दुसरी, पांढरी कोंबडी घेऊन आली. या वेळी ती वाकली, कोंबडी त्याच्या पायाशी ठेवली आणि बुटाला हात लावून तो हात कपाळाला लावला. खळं गप्प झालं. कुठलंसं पोर रडायला लागलं. काळ्या तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत उभाच होता. चंद्राने धावत जाऊन चादर ओढली.

चादरीमागे चंद्राने त्याला मिठी मारली. "अरे, काय केलंस! हे असंच ठेवायचं. कासा गावच्या प्रयोगात कोणा बाईला आधीच सांगून ठेवू." मास्तरच तो, त्याला त्यातही धडा दिसला. पुढचं नाटक कसंबसं झालं. शेवटी गावाने फौज परतवली, पण टाळ्या काही वाजल्या नाहीत.

नाटक संपेपर्यंत धाकल्याच्या बहिणीने तांबडी कोंबडी शिजवलीसुद्धा. सोंगाला आलेली वस्तू, ती सोंगवाल्यांची, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. काळ्याला भूक लागली होती. त्याने खाल्ली. बोटं चाटून झाल्यावर ती मावशीची होती हे त्याच्या एकदम लक्षात आलं आणि तो उठून कुडापाशी जाऊन बसला.

मी त्याच्याजवळ गेलो. दाढीचा काथ्या अजून त्याच्या गालाला चिकटलेला होता.

"नारू," तो म्हणाला, "ती पाया पडली ना, तवा मना बरं वाटलं."

"सोंग होतं रे ते."

"नाय. बरं मनाच वाटलं. तिनं मना पेज पाजली, अंगावर घेऊन निजवलं. अन् ती वाकली, तवा वाटलं, आनखी वाकावी."

मीही ढोलकीवर थाप मारलीच होती. पण माझी लाज आणि त्याची लाज एका मापाची नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. तो रात्रभर घरी गेला नाही, खळ्यावरच पेंढ्यात पडून राहिला.

सकाळी पांढरी कोंबडी काखेत घेऊन तो मावशीकडे निघाला. "तू चल संगं," म्हणाला. एवढ्या जवळच्या घरी जायला त्याला सोबत लागत होती. तो अनवाणी होता आणि दाढी खरवडून काढताना गाल लाल झाले होते.

मावशी अंगणात नागली पाखडत होती. त्याला पाहून तिने सूप खाली ठेवलं आणि ती उठून उभी राहिली. तिने उभं राहू नये असं मला फार वाटलं.

"मावशे, कोंबडी आनलीय," काळ्या म्हणाला.

तिने ती घेतली. "तांबडी?"

"खाल्ली."

तिने मान हलवली.

"मावशे, मी काळ्या. ते सोंग व्हतं. तुला खरंच साहेब वाटला का?"

"मना काय येड लागलंय?" ती म्हणाली. "बूट घातलेस म्हनून मी तुला वळखनार नाय? तांबडी मी सोंगाला दिली. बोहाड्यात देतो तशी. म्हटलं, पोरग्याला सोडवू, लोक हसतील, तू पन हसशील."

"अन् पांढरी?"

मावशीने कोंबडीच्या पंखावरून हात फिरवला. मग म्हणाली, "पांढरी तुला दिली. तू एकच म्हनालास ना, तवा मी भ्याले."

काळ्या तिच्यासमोर खाली बसला. "मावशे, मार मना. पाखडायचं सूप घे अन् मार."

"तुला कशाला मारू?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "घरी तांदूळ हायेत, खाऊन जा."

तो जेवला नाही. रडत उठला आणि म्हणाला, "दे, मी ठेवतो तिला आत." कोंबड्या कुठे झाकून ठेवतात ते त्याला ठाऊक होतं. शिपाई यायचा तेव्हा लहानपणी त्यानेच त्या चुलीमागच्या कणगीत लपवल्या होत्या. तो दारात वाकला आणि तसाच थबकला. मी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. कणगी रिकामी होती आणि उपडी घातलेली होती.

"बाकीच्या कुठं ठेवल्यास?" त्याने विचारलं.

कोंबडी पोटाशी धरून मावशी अंगणातच उभी राहिली. आम्ही कुडाबाहेर पडलो, बांधावरून चालत पार खाली उतरलो. वळून पाहिलं तर ती कोंबडी घेऊन तशीच उभी होती, आम्ही दिसेनासे होण्याची वाट बघत.